घरात किती मतं?

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणुकीची तारीख जाहीर झाली की आपल्याकडं उमेदवारांच्या आधी कॅलेंडर बघितलं जातं. सुट्टी सोमवारी किंवा शुक्रवारी आली तर शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळतात, आणि घरातल्या तरुण मंडळींना मालवण, तारकर्ली दिसायला लागते. गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण. कोल्हापूरकराला ते काही लांब नाही. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, बुधवारी ठेवली होती. शहरातले लोक सुट्टी जोडून बाहेर जातात, म्हणून मुद्दाम आठवड्याच्या मधला वार घेतला, असं तेव्हाच्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी सांगितलं होतं.

त्याच वर्षी लोकसभेचं आपलं मतदान ७ मेला होतं. वार मंगळवार, म्हणजे मधलाच, पण महिना मे. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, पुतण्या पुण्याहून आलेला, घरात आंबे पिकायला घातलेले. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी पहाटे चारला गाडी काढायचं ठरवलं होतं. मतदान सुरू होतं सकाळी सातला. रात्री जेवताना विषय निघाला तसे माझे दीर चिडले, जाऊबाई मध्ये पडल्या, आणि शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "सातला मत द्यायचं. मग कुठं जायचं तिकडं जाऊया. मीबी येतो."

शहाऐंशी वर्षांची आजी बरोबर येणार म्हटल्यावर मालवण मागं पडलं आणि पन्हाळा ठरला. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना त्या निवडणुकीत घरबसल्या मत देता येत होतं. अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी यायचे. आम्ही फॉर्म भरायचा का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी चालतेय की अजून." अर्ज भरला नाही.

मी प्राथमिक शिक्षिका होते. त्यामुळं मतदानाचा दिवस मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, रांगेत उभं राहून आणि टेबलामागं बसून. टेबलामागची बाजू तुम्हाला थोडी सांगते, कारण ती फारशी कुणाला माहीत नसते. कर्मचारी आदल्या दिवशीच यंत्रं आणि सामान घेऊन शाळेत मुक्कामाला येतात. बाकं सरकवायची, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, खिडकीतून आत कुणाला दिसत नाही ना हे बघायचं. पहाटे उठून अभिरूप मतदान असतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, मोजून दाखवायची, ती पुसायची आणि मग यंत्र सील करायचं. सात वाजता दार उघडलं की पहिला अधिकारी यादीत तुमचं नाव शोधून मोठ्यानं वाचतो. दुसरा बोटाला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करून देतो. तिथून पुढं आडोशामागं तुम्ही एकटे. तुम्ही कुणाला मत देता हे बघायची मुभा केंद्राध्यक्षालासुद्धा नाही. एवढी सगळी धावपळ, एवढी माणसं, रात्रभराचं जागरण, ते त्या आडोशामागच्या अर्ध्या मिनिटासाठी असतं.

आणि म्हणूनच एका गोष्टीबद्दल मला आज मनापासून बोलायचं आहे. प्रचार सुरू झाला की कार्यकर्ते दारात येतात. चांगली ओळखीची मुलं असतात, तालमीतली, गल्लीतली. काही माझ्या हाताखाली शिकलेली. हातात यादी आणि पेन. विचारतात, "काय वैनी, घरात किती मतं?" आपण सांगतो, सहा. तो यादीवर खूण करतो, सहा. मग पुढचा प्रश्न मालकांना. मालक कुठल्या गटाचे, पाहुणे कुठल्या गटाचे, भावकी कुणाकडं. त्यावरून सहाची सहा मतं कुठं पडणार हे तो धरून चालतो.

या हिशेबात मी कुठं आहे? माझी जाऊ कुठं आहे? नुकती अठरा पूर्ण केलेली पोरगी कुठं आहे? घर म्हणून आमची एक चूल आहे, एक रेशनकार्ड आहे, दुधाचं एक बिल आहे. मत मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे. घरातल्या कर्त्यानं रात्री सांगायचं आणि बाकीच्यांनी सकाळी बटण दाबून यायचं, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि ती जायला हवी असं मला वाटतं. कर्त्या माणसाबद्दल आदर ठेवूनच वाटतं.

ही गोष्ट किती जुनी आहे बघा. १९५१-५२ ला देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा काही राज्यांत बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. नाव नसेल तर नोंद नाही, असा निर्णय झाला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून गेल्या. कठोर निर्णय होता. पण त्यातून पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी आपापली नावं लावून घेतली.

आजही सुनेच्या नावाचा घोळ होतोच. लग्न होऊन मुलगी रंकाळ्याकडून राजारामपुरीत आली, तरी नाव माहेरच्या यादीत राहतं. सासरी कुणाच्या लक्षात येत नाही, तिलाही संसारात वेळ होत नाही, आणि मतदानादिवशी सकाळी चिठ्ठ्या वाटल्या जातात तेव्हा तिची एकटीची चिठ्ठी नसते. पत्ता बदलायचा अर्ज आहे, आठ नंबरचा फॉर्म. मोबाइलवरूनही भरता येतो, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठायचं. हे काम नवऱ्यानं किंवा सासऱ्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच आठवणीनं करून द्यावं. रेशनकार्डात नाव चढवताना जी लगबग असते, तेवढी इथंही असावी.

आता सासूबाईंकडं परत येते. त्या जन्मल्या तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा त्या शाळेत जात होत्या. त्या काळी मताला एकवीस वर्षं लागायची. अठराची अट १९८९ ला आली. त्यांचं पहिलं मत १९६२ चं. डाव्या हाताच्या बोटाला लावायची ती न पुसणारी शाईसुद्धा त्याच निवडणुकीपासून सुरू झाली, म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी. नवीन लग्न झालेलं, सासऱ्यांनी बैठकीत सगळ्यांना बोलावून शिक्का कुठं मारायचा ते सांगितलेलं. त्या मान हलवून गेल्या आणि मत देऊन आल्या.

पन्हाळ्यावर त्या दिवशी हा विषय निघाला. सात वाजता मत देऊन, फडतऱ्यांकडं मिसळ असो की आणखी कुठं, असा थोडा वाद घालून, गल्लीजवळच्याच एका गाड्यावर कट आणि ब्रेड खाऊन आम्ही निघालो होतो. ऊन चढायच्या आत तीन दरवाजा झाला. अंबरखान्याच्या थंडगार भिंतींच्या आत पोरं हाका मारून आवाज घुमतो का बघत होती. सासूबाईंना सज्जा कोठीपर्यंत गाडीनं नेलं. तिथून खाली दरीकडं वारा चांगला लागतो. नंतर झुणका-भाकरी, खर्डा, दही घेऊन बसलो, तेव्हा पुतण्यानं विचारलं, "आज्जी, खरं सांग, पहिलं मत कुणाला दिलंवतंस? पणजोबांनी सांगितलं त्यालाच का?"

त्या म्हणाल्या, "तुझ्या आज्ज्यानं मरोस्तोवर इचारलं. त्येला सांगितलं न्हाई, तुला सांगतो व्हय?"

साठ वर्षं त्यांनी ते स्वतःजवळ ठेवलं आहे. सासऱ्यांचा मान राखला, भांडण केलं नाही, आणि जे आपलं होतं ते कुणाला दिलंही नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला ते जास्त शिकवून गेलं आहे. दीर हसले. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत, त्या सासूबाईंकडं बघत राहिल्या.

नोव्हेंबरात विधानसभेला त्यांना मोतीबिंदूमुळं चिन्हं नीट दिसेनात. त्यासाठी कायद्यात सोय आहे. दृष्टी अधू असेल किंवा शरीर साथ देत नसेल तर अठरा पूर्ण झालेला एक सोबती आडोशामागं नेता येतो. त्या सोबत्याला लिहून द्यावं लागतं की हे मत मी गुप्त ठेवीन, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या मतदाराचा सोबती झालेलो नाही. दिरांना वाटलं आपणच जाणार. सासूबाईंनी नातीचं नाव घेतलं. ती गेली, सही केली, बटण दाबून आली. घरी आल्यावर तिला चौघांनी चार बाजूंनी विचारून बघितलं. तिनं तोंड उघडलं नाही. आजीची नात शोभली.

आपल्या जिल्ह्यात तर निवडणूक बारा महिने चालू असते. दूध संस्था, सेवा सोसायटी, साखर कारखाना, पतसंस्था, ग्रामपंचायत. मतदार मोजके असतील तिथं त्यांना मतदानाआधी सहलीला नेऊन ठेवायची पद्धतही आपण सगळे जाणतो. देवदर्शन होतं, समुद्र होतो, आणि गाडी परत येते ती थेट मतदान केंद्राच्या दारात. मला ही सहल फार वाईट वाटते. घरच्यांबरोबर हिंडण्यातला आनंद त्यात नाही आणि मत देणाऱ्याचा मानही त्यात नाही.

महानगरपालिकेचं थोडं सांगते, कारण आपल्या रोजच्या हिंडण्या-फिरण्याशी तिचाच संबंध आहे. आपली महापालिकेची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ ला झाली. मुदत २०२० ला संपली, प्रशासक आले, आणि त्यानंतरचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. मधली दहा वर्षं धरा. २०१६ ला अठराचा झालेला मुलगा आपल्या नगरसेवकाला पहिलं मत देईपर्यंत अठ्ठावीसच्या घरात पोचला. या काळात पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे महापूर येऊन गेले. संध्याकाळी आपण पोरांना घेऊन रंकाळ्यावर जातो, भेळ खातो, संध्यामठाकडं बघत कठड्यावर बसतो. पाण्यात जलपर्णी वाढली की नाही, नाल्याचं पाणी तळ्यात जातं की अडवलं जातं, कठडा ढासळला तर कधी दुरुस्त होतो, केएमटीची बस आपल्या भागात किती वेळानं येते, बागेतला पाळणा धड आहे का, हे सगळं याच मतातून ठरतं. दिल्लीच्या मताबद्दल आपण कट्ट्यावर तासन्‌तास बोलतो. गल्लीच्या मताबद्दल तेवढं बोलायला हवं.

या वेळी पूर्वीसारखा एका प्रभागाला एक नगरसेवक नव्हता. बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं. चारही मतं दिल्याशिवाय यंत्राचा लांब आवाज येत नाही. आमच्या गल्लीतल्या कितीतरी वयस्कर बायका हे ऐकून घाबरल्या होत्या. मी आणि जाऊबाईंनी दुपारी चार-चार जणींना बसवून कागदावर चार रकाने काढून समजावलं. कुणाला द्यायचं हे त्यात कुठं आलं नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "चार मतं म्हंजे एक मालकांचं, एक पोराचं, एक पावण्यांचं आन एक माझं." मी म्हटलं, मावशी, चारी तुमचीच. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळं आता दारात मत मागायला बाईही येते. तिनं तरी आत येऊन स्वयंपाकघरात बसावं, मालकांना विचारून परत फिरू नये, अशी माझी तिला विनंती आहे.

माझी भाची ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची होते. यादीत नाव घालताना अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता वर्षात चार धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तिला ऑक्टोबरची लागेल. सतरा पूर्ण झालं की अर्ज आधीच भरून ठेवता येतो, सहा नंबरचा फॉर्म. तुमच्या घरात अशी मुलं असतील तर आजच त्यांना बसवा आणि त्यांच्याकडूनच भरून घ्या, नाव त्यांच्या हातानं लिहू द्या. भाचीनं स्वतःचा भरला आहे. मत दिल्यावर कुठं जायचं तेही तिनं ठरवलं आहे, खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघायचं आणि येताना नरसोबाची वाडी करायची. मत कुणाला, हे आमच्यापैकी कुणी विचारायचं नाही, हे तिच्या आजीनं सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवलंय. नमस्कार.