दाणेदार फोटोत उरतं काय?

नमस्कार. पडद्यावर आहे तो राणीच्या बागेतला हम्बोल्ट पेंग्विन. हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले. त्यांचं दालन थंड, उजेड बेताचा आणि मध्ये जाड काच. फ्लॅश मारायचा नाही, कारण प्राण्याला त्रास होतो. फ्लॅश काचेवरून उलटतो ही नंतरची गोष्ट. पक्षी पाण्यात सुळकन जातो म्हणून शटर १/५०० सेकंद, आपल्याकडची लेन्स जेमतेम एफ ५.६ पर्यंत उघडणारी, म्हणजे उजेड कमीच आत घेणारी. त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेरा नोंद किती उजळतो तो आकडा, ६४०० च्याही वर. घरी येऊन फोटो मोठा केला की काळ्या पाठीवर लाल-हिरवे दाणे दिसतात. ‘फाटला’ म्हणायचं आणि डिलीट करायचं, ही आपली सवय. अशा फोटोंची मी आज वकिली करणार आहे: त्यांना रंगवलेल्या चित्राचं रूप कसं द्यायचं ते बघू.

हे दाणे, म्हणजे नॉइज, आयएसओमुळे येतो असं सर्रास सांगितलं जातं. खरं दुखणं आहे उजेडाच्या तुटवड्याचं. प्रकाश कणाकणांनी, म्हणजे फोटॉनांनी, येतो आणि अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे थेंब पडावेत तसा कमी-जास्त पडतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९० पडतात, कधी ११०. म्हणजे चढउतार दहा टक्क्यांचा. सरासरी १०,००० असेल तर तोच चढउतार एक टक्क्यावर येतो. आयएसओ ही तुटपुंजी नोंद फक्त उजळून दाखवतो. त्यामुळे आयएसओ खाली ठेवून काळोखा फोटो काढायचा आणि घरी उजळायचा, यात काही वाचत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत सावल्या आणखी बिघडतात.

म्हणजे पिसांचा बारीक पोत त्या फाइलमध्ये दाण्यांखाली गेला. पण मानेचा बाक, छातीवरचा काळा पट्टा, उजेड आणि सावलीची वाटणी हे सगळं शाबूत आहे. ते हजारो पिक्सेलांवर पसरलेलं असतं, आणि हजारोंची सरासरी डगमगत नाही. चित्रकाराला एवढं भांडवल पुरतं.

आता माझा लाडका फिल्टर, कुवाहारा. १९७६ मध्ये जपानी संशोधकांनी तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला नॉइज काढायला मांडला. प्रत्येक पिक्सेलभोवती चार चौकोन घ्यायचे, ज्यात चढउतार सर्वांत कमी तो निवडायचा आणि त्याची सरासरी त्या पिक्सेलला द्यायची. सपाट भाग गुळगुळीत होतो, कडा मात्र तुटत नाही, कारण कडेपलीकडचा चौकोन आपोआप गळतो. चौकोन मोठा केला की ब्रशचे फटकारे मारल्यासारखं दिसायला लागतं. वैद्यकासाठी केलेलं गणित चित्रकलेच्या दारात येऊन उभं राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं. गिम्प या मोफत फोटो-संपादन प्रोग्राममध्ये जी’मिक हे प्लगइन जोडलं की तो फुकट मिळतो. फोटोशॉपचा ऑइल पेंटही त्याच वळणाचा.

क्रम मात्र पाळा. आधी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, फक्त रंगांचा नॉइज काढा. उजेडाच्या दाण्यांना हात लावू नका. मग फोटो लहान करा. ६००० बाय ४००० चा ३००० बाय २००० केला की चार पिक्सेलांचा एक होतो आणि नॉइज साधारण निम्मा होतो. त्यानंतर चित्राचा इफेक्ट, दोन लेअरमध्ये: पार्श्वभूमीला जोरात, चेहऱ्याला अगदी हलका, मध्ये मऊ मास्क, म्हणजे कुठे कोणता लेअर दिसेल ते ठरवणारा पडदा. डोळ्यावर जवळजवळ काहीच नको. शेवटी सगळ्यावर एकसारखे बारीक दाणे (ग्रेन) घाला, म्हणजे प्लास्टिकसारखी झाक जाते.

रंगच गढूळ असतील तर कृष्णधवल करा. कात्रजला सावलीत बसलेल्या अस्वलाचं अंग म्हणजे निव्वळ काळोख. तो उजळायचा हट्ट सोडा. सावल्या पार काळ्या होऊ द्या, फिकट मुस्कट आणि छातीवरची पांढरी खूण तेवढी ठेवा. नॉइजचा मोठा वाटा त्या काळ्यातच बुडतो.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. हल्लीची एआय साधनं हरवलेला तपशील ‘परत आणतात’, तेव्हा कित्येकदा तो अंदाजाने घडवतात. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. जंगलात आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजतात ते त्याच आधारावर. अंदाजाने घातलेला पट्टा म्हणजे अस्तित्वात नसलेला वाघ. रंगवलेला फोटो असला दावाच करत नाही, फक्त तो रंगवलेला आहे हे खाली लिहायला हवं. नोंदीसाठी किंवा निसर्गछायाचित्रांच्या स्पर्धेसाठी तो पाठवू नये.

डोळाच फोकसमध्ये नसेल तर यातलं काही उपयोगी पडत नाही. तिथे मीही फोटो सोडून देतो. प्राणी झोपलेला असेल तर मात्र कॅमेरा टेकवून एकाच जागेवरून १६ फोटो घ्या आणि त्यांची सरासरी काढा. नॉइज एक चतुर्थांशावर येतो, मग इफेक्टची गरजच राहत नाही. चला, आता त्या अस्वलाची रॉ फाइल उघडू आणि सावल्यांपासून सुरुवात करू.