मार खायचाच असेल तर आत्ताच खा: बॅकगॅमनमधल्या अवघड चाली

नमस्कार. नियम तुम्हा सगळ्यांना येतात असं धरून चालतो आणि थेट विषयालाच हात घालतो. अवघड पोझिशन कुठली, तर दान पडल्यावर दोन-तीन चाली दिसतात आणि प्रत्येकीत काहीतरी खुपतं. एकीत सोंगटी उघडी (घरात एकटी, मार खाण्याजोगी) पडते, दुसरीत मेहनतीने बांधलेलं घर मोडतं, तिसरी एकदम सेफ वाटते पण पुढच्या दानाला काय खेळणार ते कळत नाही. अशा वेळी बहुतेक जण सेफ चाल खेळून मोकळे होतात, आणि या सवयीपायी किती चांगले डाव हातचे जातात हे बघून मला खरंच वाईट वाटतं. सोंगटी मारली जाणारच कधीतरी, प्रश्न असतो तो कधी मारली जाते याचा.

हे आकडे पाठच करून टाका. समोरच्याच्या होम बोर्डमध्ये, म्हणजे त्याच्या शेवटच्या सहा घरांत, दोन घरं बंद असतील (तिथे त्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या) तर बारवरून, म्हणजे मार खाल्लेली सोंगटी जिथे जाऊन बसते तिथून, आत यायला ३६ पैकी ३२ दानं चालतात. तीन बंद असतील तर २७, चार असतील तर २०, आणि पाच झाली की फक्त ११. म्हणजे तीच सोंगटी, तोच मार, पण सुरुवातीला खाल्ला तर थोडे पिप्स (चाललेली घरं) गेले इतकंच आणि चार-पाच दानांनी उशिरा खाल्ला तर बारवर बसून डाव जाताना बघत राहायचं. म्हणून कुठलीही चाल ठरवण्याआधी मी पहिल्यांदा त्याच्या बोर्डकडे बघतो, मग माझं तिकडे अँकर (त्याच्या बोर्डमध्ये माझ्या दोन सोंगट्यांनी धरलेलं घर) आहे का ते बघतो कारण अँकर असेल तर आत यायला एक जागा कायमची पक्की असते, आणि मग त्याच्या किती सोंगट्या माझ्याकडे मागे अडकल्यात ते. बोर्ड कमजोर, अँकर आहे, त्याच्या तीन-चार सोंगट्या मागे, असं असेल तर बिनधास्त खेळा.

आता सुरुवातीचंच दान घ्या, २-१. घरांचे नंबर माझ्या बाजूने १ ते २४ धरा. एक सोंगटी १३ वरून ११ वर आणली, १ कसा खेळायचा? एक मत असं की ६ वरून ५ वर टाकायची, उघडीच, म्हणजे पुढच्या दानाला झाकून ५ चं घर होतं आणि ते घर सोन्यासारखं आहे. त्याच्या दोन सोंगट्या माझ्या १ वर, अंतर ४, तर ३६ पैकी १५ दानांनी ती मरते आणि मेली की २० पिप्स जातात. दुसरं मत, मागची सोंगटी २४ वरून २३ वर सरकवायची, ती मेली तर जातात फक्त २ पिप्स, पण मिळतंही हळूहळू. पूर्वी २-१, ४-१, ५-१ या तिन्ही दानांना ५ वर टाकायची फॅशन होती. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्रॅम केला, तो स्वतःशीच खेळून खेळून शिकला, आणि त्याला मागची सोंगटी सरकवणं जास्त पसंत पडलं. मोठमोठ्या खेळाडूंनी आपल्या सवयी बदलल्या. ४-१ आणि ५-१ ला आता ५ वर टाकणं जवळजवळ बंदच झालंय, २-१ ला मात्र दोन्ही चाली जवळपास सारख्या निघतात.

त्या २-१ मध्येच अजून एक बारीक गोष्ट आहे. ११ वरची सोंगटीही एकटीच आहे ना, अंतर १०, म्हणजे ६-४ ने मरायला हवी (५-५ ला माझं ६ चं घर आडवं येतं). पण ६-४ मध्ये ४ आहेच, तो ५ वरच्या सोंगटीला तसाही लागत होता, म्हणजे दुसरी उघडी ठेवून धोका एका दानाने पण वाढला नाही! त्याला हवे असलेले आकडे एकमेकांवर आणायचे, एकाच आकड्यात त्याची दोन कामं अडकवायची. हे जमायला लागलं की खेळ एकदम वेगळा दिसायला लागतो.

आता मधल्या डावातली पोझिशन, ही बोर्डवर मांडून बघा. माझ्या २ सोंगट्या १३ वर, ३ आठवर, ४ सहावर, ३ चारवर, ३ तीनवर. त्याचं अँकर माझ्या ५ वर, बाकीच्या त्याच्या सगळ्या १३ च्या पलीकडे निघून गेल्यात. रेसमध्ये, म्हणजे घरी पोहोचण्याच्या शर्यतीत, मी पुढे. त्याच्या बोर्डमध्ये सध्या दोनच घरं आहेत पण बाकीच्या सोंगट्या रांगेत उभ्या आहेत, एक-दोन दानांत भरतील. दान पडलं ५-२.

सेफ चाल आहे, ८ वरून ३ वर आणि ६ वरून ४ वर, काहीच उघडं नाही. पण १३ वरच्या दोघी तिथेच, आणि त्यांना काढायची वेळ येईल तेव्हा त्याचं बोर्ड भरलेलं असेल. दुसरी चाल, दोघींनाही निघा म्हणायचं, एक ८ वर, एक ११ वर. ११ वरची अँकरपासून ६ वर येते, सगळं मोकळं असतं तर १७ दानं, मधे ८ चं घर आपलं म्हणून ३-३ अडतो आणि १६ राहतात, म्हणजे जवळपास निम्मं. तिसरी, एकच सोंगटी १३ वरून सरळ ६ वर. १३ वर उरलेलीचं अंतर ८, मारणारी दानं ६-२, ५-३ प्रत्येकी दोनदा आणि ४-४, २-२, एकूण ६. मी इथे ही तिसरी खेळतो. सहापैकी एकदा मार बसेल, आणि बसला तरी ३२ दानांनी आत येता येतंय. ती एकटी नंतर घरी आणायचं काम उरतंच, पण दोघींना एकदम सोडवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

बाकी एक सवय लावून घ्या, पहिली दिसलेली चाल लगेच खेळू नका, निदान अजून दोन शोधा, विशेषतः डबल पडलं की. आणि डाव झाला की ग्नू बॅकगॅमन या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये टाकून बघा, तो फुकट मिळतो, पण आधी आपलं उत्तर कारणासकट लिहा आणि मगच त्याचं बघा, नाहीतर त्याचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत होतं असंच वाटतं.

मघाशी कोणीतरी विचारलं की घड्याळ चालू असताना ३६ दानं मोजायची कशी. सगळी मोजायचीच नाहीत. एका आकड्याने मार बसत असेल तर ११ धरा, दोन वेगवेगळ्या आकड्यांनी २०, तीन आकड्यांनी २७. मग त्यात फक्त बेरजेची दानं घाला. अंतर ४ असेल तर ११, अधिक ३-१ ची दोन, अधिक २-२, अधिक १-१, झाले १५. मधल्या कुठल्या घरावर आपल्या दोन सोंगट्या असतील तर तिथून जाणारं दान वजा करा, पण त्याच दानाला दुसरी वाट मोकळी नसेल तरच. घरी बसून आठवडाभर नुसतं हेच करा, नंतर बोर्डकडे बघितल्या बघितल्या आकडा दिसतो.