उरलेला पाय

मधुमेहामुळे पाय काढल्यानंतरचं पहिलं ड्रेसिंग. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. सिस्टर घाई करत नाहीत. आपण काय करतोय ते सांगत सांगत पट्टी सोडतात आणि एकदाच विचारतात, "बघायचंय का?" पुष्कळ जण त्या दिवशी बघत नाहीत. चालतं.

टाक्यांतून पाणी येतंय का, कडा काळ्या पडतायत का, वास येतोय का, हे तेवढ्यात त्यांनी पाहिलेलं असतं. शुगर चढलेली राहिली तर जखम लवकर भरत नाही, त्यामुळे शुगरच्या तक्त्यावरही डोळा असतो. मग क्रेप बँडेज. ते गोल गोल गुंडाळायचं नाही. आडव्यातिडव्या तिरप्या फेऱ्यांनी, टोकाला घट्ट आणि वर सैल. सूज उतरते, खुंटाला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, आकार येतो, पुढे कृत्रिम पाय त्यावरच बसतो. गुडघ्याखाली उशी मात्र द्यायची नाही. घरचे मायेने ठेवतात. पण वाकलेला गुडघा आखडतो आणि चालणंच अवघड होतं. ती उशी रोज काढायची, रोज न रागावता समजावायचं.

रात्रपाळीत हाक येते, "सिस्टर, अंगठा जळतोय." तो अंगठा तर काढलेला आहे! पण हे दुखणं खोटं नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जाणीव जात नाही. त्यावर औषधं आहेत, आणि आधी विश्वास ठेवणारं माणूस लागतं. पाय आहे असं वाटून अर्धवट झोपेत उभे राहायला जाणारेही असतात. म्हणून कठडे वर, बेल हाताशी.

अनुभवी सिस्टरांना खरी काळजी असते दुसऱ्या पायाची. त्याच्याही नसा बधिर झालेल्या असतात आणि आता सगळा भार त्याच्यावर. टाच गादीवर घासली तरी कळत नाही, म्हणून पोटरीखाली घडी देऊन टाच अधांतरी ठेवतात. मधुमेहामुळे पाय गमावणाऱ्या १०० पैकी सुमारे ८५ जणांची सुरुवात पायाच्या जखमेनेच झालेली असते. चपलेतला खडा, नखाचा कोपरा, गरम पाण्याची पिशवी. "दुखलं नाही, म्हणून दाखवलं नाही," हे या वॉर्डात वारंवार ऐकू येतं, आणि दरवेळी जिवाला लागतं.

डिस्चार्जच्या आधी सिस्टर आरसा हातात देतात. रोज तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, घरातही अनवाणी फिरायचं नाही. वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघायचं. मग मुलगा असो की सून, त्यांच्याकडूनच तो पाय तपासून घेतात: "बोटं फाकवा. आतपर्यंत बघा. आता सांगा, काय दिसलं?"