खांद्यावरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात फौजेत गेलेल्या पणजोबांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेली घरं गावोगाव आहेत. कोणत्या पलटणीत होते असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीत.’ असतीलही. पण एकदा त्या फोटोलाच विचारून बघा.

भिंग घ्या आणि आधी खांदा बघा. तिथं बहुतेक वेळा पितळी आकडा असतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ वाचता आलं, तर ती मराठा पलटण आणि फोटो बहुधा १९२२ च्या आधीचा. त्या वर्षी फौजेची फेरमांडणी झाली आणि या पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका नावाखाली आल्या. १०३, ११०, ११७ यांपैकी आकडा दिसला, तर मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे वळा. या तिन्ही पलटणी पहिल्या महायुद्धात तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं.

आणि १११ दिसला तर? ती १९१७ मध्ये उभी केलेली महारांची पलटण. १९२१ मध्ये ती मोडीत काढली. पुढं १९४१ साली महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती आपल्या बेळगावातच, आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. टोपीवर असा खांब दिसला, तर ती नोंद पुसट होऊ देऊ नका. ती त्या माणसाची खरी ओळख आहे.

बाहीवरच्या फिती मोजायला सोप्या. एक असेल तर लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. रंगावरून मात्र काही ठरवू नका. त्या काळच्या बऱ्याच फोटोंत तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा फिकट.

घरात पदकं असतील तर काढा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. चिंचेनं, राखेनं घासू नका, अक्षरं झिजतात. उजेडात तिरकं धरून वाचा आणि जसंच्या तसं उतरवून घ्या. एका गावात एकाच नावाचे दोघे-तिघे शिपाई असायचे. नंबरही पलटणीपलटणीचे वेगळे. म्हणून रेजिमेंटल सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला पत्र लिहाल, तेव्हा नावाबरोबर नंबर आणि पलटण दोन्ही लिहा.