शून्यावर अडलेला पारा

(पहाट. कुलाबा, ससून डॉक. बर्फ फोडण्याचा आवाज.)

फटफटायच्या आत इथला बाजार ऐन भरात येतो. 1875 साली बांधलेल्या या धक्क्यावर मासळीच्या बरोबरीनं लागतो तो बर्फ. अख्खी लादी यंत्रात सरकते, दुसऱ्या तोंडातून चुरा पडतो आणि पाट्या भरभरून पापलेटांवर, बोंबलांवर ओतला जातो.

या एका क्रेटमध्ये आपण थर्मामीटर खोचून ठेवू. शून्य अंश. तासाभरानं पाहिलं, तरी शून्यच. ऊन चढतंय, खाली पाणी साचतंय, पण पारा ढिम्म. उष्णता आत शिरतेय हे नक्की, नाहीतर बर्फ वितळलाच नसता. मग ती जाते कुठे?

(काचेचे दोन गोळे, रेखाचित्र.)

याचा छडा लावला स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी, 1761च्या सुमारास. उपकरणं म्हणाल तर काचेचे दोन सारखे गोळे. एकात गोठायच्या बेताला आलेलं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगले आणि वाट पाहिली. पाणी 33 वरून 40 अंश फॅरनहाइटवर अर्ध्या तासात पोचलं. बर्फाला 40 गाठायला साडेदहा तास लागले!

दालन तेच, हवा तीच. बर्फ इतका वेळ उष्णता घेत होताच, फक्त तापत नव्हता. घेतलेली सगळी उष्णता रेणूंची घट्ट वीण सैल करण्यात खर्ची पडत होती. शाळेच्या पुस्तकात हिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. शब्द रुक्ष, पण नेमका.

एक किलो बर्फ वितळायला 80 किलोकॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक किलो गार पाणी शून्यावरून थेट 80 अंशांवर जाईल. म्हणून कोळी बांधव बोटीत नुसतं थंड पाणी नेत नाहीत, बर्फ नेतात.

याच हिशेबावर एकेकाळी समुद्रापार धंदा चालला. मे 1833 मध्ये ‘टस्कनी’ जहाज बॉस्टनहून 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. गोठलेल्या तळ्यातून कापलेला बर्फ, फळ्या आणि भुसा, बस्स! चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढे असा बर्फ मुंबईतही उतरू लागला.

(बर्फाचा कारखाना. पाण्याचे डबे, घरघरणारा कॉम्प्रेसर.)

आता हाच हिशेब उलटा. पाण्याची लादी व्हायची तर प्रत्येक किलोमागे तेच 80 किलोकॅलरी बाहेर काढावे लागतात. डबे बुडवलेले असतात शून्याखालीही न गोठणाऱ्या मिठाच्या पाण्यात, आणि त्या पाण्याला गार ठेवतो नळ्यांतला अमोनिया. द्रवाची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, कंडेन्सरमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो आणि ओढलेली उष्णता तिथे सुटते. त्या नळ्यांवरून वाहणारं पाणी हाताला कोमट लागतं. लादीतून निघालेली ऊब ती हीच.

(दुपार. पुन्हा धक्का, तोच क्रेट.)

मूठभर बर्फ उरलाय. पारा शून्यावर.

आता एकच खडा. शून्य.

खडा गेला. थांबा जरा... हं, सरकला. अर्धा अंश.