गोव्यात नोकरी सांभाळून लांब पल्ल्याचं धावणं: वेग श्वासाला विचारा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ आहे तो सकाळी धावून साडेनऊला ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. ज्यांना पदकं नकोत, पण दहा किलोमीटर, पुढे जमलं तर अर्धमॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर धावायचेत, आणि त्यासाठी नोकरी, घर, झोप यातलं काहीच पणाला लावायचं नाही. मी पणजीत एका सीए फर्ममध्ये काम करते, राहते ताळगावला. मार्चअखेर काय असते, दर महिन्याची वीस तारीख जवळ आली की जीएसटीच्या विवरणपत्रांची कशी घाई उडते, हे मी रोज जगते. त्यातूनच धावते. आणि माझं ठाम मत आहे की गोव्यातल्या नोकरदार माणसाने मनगटावरच्या घड्याळातला वेग बाजूला ठेवावा आणि श्वासावर धावावं.

का, ते सविस्तर सांगते.

आपण धावतो तेव्हा शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. सत्तर किलोचं माणूस तासाभरात दहा किलोमीटर धावलं तर साधारण ७०० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे पाचशेच्या वर नुसती उष्णता. ती बाहेर टाकायचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेब छान जुळतो, नाही का? पण त्यातला 'वाळला' हा शब्द धरून ठेवा. हनुवटीवरून टपकलेला घाम आपल्याला जवळपास काहीच गारवा देत नाही.

घाटावर उन्हाळ्यात माठातलं पाणी कसं गारेगार होतं! तोच माठ आषाढात मांडवीच्या काठी आणून ठेवा, पाणी कोमटच राहील. हवेतच इतकी वाफ भरलेली असते की माठाला पाझरून वाळायला जागा मिळत नाही. आपल्या अंगाचं तेच होतं. मग शरीर दुसरा उपाय करतं. ते जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं. तिथे गेलेलं रक्त हृदयाकडे कमी परततं, शिवाय घामाने रक्तातलं पाणीही घटतं, म्हणून हृदय अधिक वेगाने ठोके देतं. वेग तोच, पण श्रम जास्त.

पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेला सरावाचा तक्ता इथे जशाच्या तसा चालत नाही, तो यामुळे. तिच्या डिसेंबरातल्या पहाटेला जो वेग 'सोपा' आहे, तो आपल्या मे महिन्यात शर्यतीइतका कठीण होतो. इथे कित्येक जण स्वतःला कमी समजून रनिंग सोडून देतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्यांच्यात काही कमी नसतं. हवा वेगळी असते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. उष्णतेची सवय शरीराला लवकर लागते. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं धावलं की घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, ठोके खाली येतात. सुट्टीत थंड ठिकाणी राहून आलात, तर परतल्यावर पुन्हा इतके दिवस स्वतःला द्या.

'पहाटे तर दमटपणा सर्वात जास्त असतो, मग संध्याकाळ बरी ना?' असं विचारलं जातं. पहाटे सापेक्ष आर्द्रतेचा आकडा मोठा दिसतो, कारण हवा थंड असते. वाफ जवळपास तेवढीच असते. हवा थंड आणि डोक्यावर ऊन नाही, म्हणून पहाटच चांगली. संध्याकाळी रस्ते आणि भिंती दिवसभराची उष्णता परत टाकत असतात.

आता श्वासावर धावायचं म्हणजे काय? धावता धावता शेजारच्याला आपल्या घरचा पत्ता सांगा. डावीकडे वळा, कपेलाकडून आत, विहिरीजवळचं घर. न थांबता, पूर्ण वाक्यांत सांगता आला, तर वेग बरोबर आहे. दोन-दोन शब्दांवर धाप लागत असेल तर कमी करा. चालावं लागलं तरी चाला. आठवड्यातलं बहुतेक धावणं याच वेगाने व्हायला हवं.

हे मंद धावणं वाया जातं असं समजू नका. याच वेगात स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा वाढते, चरबी जाळायची सवय लागते. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध फार सावकाश बळकट होतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात 'आता जमतंय' म्हणून वेग वाढवला की नडगी दुखू लागते.

आणि नोकरीच्या दृष्टीने माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं हे, की सोपं धावून आलेलं माणूस दुपारी तीन वाजता लेखापरीक्षणाच्या कागदांवर झोपत नाही. जोरात धावलेलं झोपतं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा वेगाचा सराव पुरे.

जपानचे युकी कावाउची हे याचं भक्कम उदाहरण. २०१९ पर्यंत सायतामा प्रांतात शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ सरकारी नोकरी करायचे. ड्यूटी दुपारपासून रात्रीपर्यंत असायची, म्हणून सराव सकाळी, बहुतेक दिवसातून एकदाच. या माणसाने एप्रिल २०१८ मध्ये गारठवणाऱ्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात बॉस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकली. त्यांच्या आधी १९७० मध्ये तीच शर्यत जिंकणारे इंग्लंडचे रॉन हिल वस्त्ररसायनतज्ज्ञ होते. कामावर धावत जायचे, धावत घरी यायचे. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत त्यांनी धावण्यात एकाही दिवसाचा खंड पडू दिला नाही. तो हट्ट आपण घेऊ नये, विश्रांतीचा दिवस हवाच. पण येण्या-जाण्याचा वेळ धावण्यासाठी वापरणं घेण्यासारखं आहे. ऑफिसात आंघोळीची सोय नसते, म्हणून सकाळी अवघड आहे. संध्याकाळी मात्र कदंब बसमधून तीन-चार किलोमीटर आधी उतरून घर गाठता येतं. लॅपटॉप त्या दिवशी ऑफिसातच ठेवायचा.

माझा आठवडा कामाच्या तारखा बघून ठरतो. साधारणपणे मधल्या वारी दोन-तीन छोट्या धावा आणि रविवारी एक लांब. वीस तारीख असलेल्या आठवड्यात फक्त अर्ध्या-अर्ध्या तासाचं सोपं धावणं. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात अंतर निम्मं. रात्री बाराला झोपून पाचला उठायची वेळ आली तर मी झोप निवडते. वेर्ण्याच्या, कुंडईच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनीही रात्रपाळी संपवून थेट धावायला जाऊ नये. आधी झोपा, मग संध्याकाळी बघा.

[पडद्यावर नकाशा]

रस्त्यांविषयी बोलायला मला फार आवडतं. मिरामार ते दोना पावला हा रस्ता बहुतेकांना ठाऊक आहे, सपाट आणि पहाटेही माणसांचा. २०१९ मध्ये मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत झाली, तेव्हापासून तिथे धावणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही, आणि बाई म्हणून मला त्याचं फार महत्त्व आहे. दोना पावलाहून विद्यापीठाच्या पठाराकडे वळलात की चढ लागतो. तिथे वेग नाही, श्वास तोच ठेवायचा. आल्तिनोच्या टेकडीवरही तसंच. रविवारी वेळ असेल तर रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला जा. गाड्या कमी, दोन्ही बाजूंना शेतं, आणि सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू. साष्टीतल्यांना कोलवा-बाणावलीची वाळू आहे. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एका पायावर जास्त ताण येतो. गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे ताण दोन्ही पायांत वाटला जाईल. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा होते, तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही.

फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, समोरून येणारं वाहन दिसतं. अंधारात चमकणारी पट्टी हवी. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा आणि शांतपणे चालत पुढे जा.

पावसात मी धावते. पाऊस अंगाला गारवा देतो. विजा चमकत असतील तर घरीच. शेवाळलेले दगड, चिऱ्यांवरचा लाल चिखल, पाण्याखाली झाकलेली गटारं, एवढ्यांपासून जपा. मांड्या, काखा आधीच व्हॅसलीन लावून ठेवा. बूट आल्याबरोबर वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली.

पाण्याबद्दल दोन्ही टोकं वाईट. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, एवढं एकदा कळलं की अंदाज येतो. पण 'पीत राहा' हा सल्लाही धोक्याचा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी सापडलं. ते फार घटलं तर जिवावर बेतू शकतं. धावताना बेसुमार प्यायल्याने असं होतं. तहान लागेल तसं प्या. तासापेक्षा लांब धाव असेल तर पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. आणि घरी आल्यावर आपली पेज आहेच! पाणी, मीठ, भात, सोबत लोणचं. मी ती डब्यातही नेते, दहाच्या सुमाराला खाते.

उन्हात धावताना अंगावर काटा आला, थंडी वाजली, भोवळ आली किंवा बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबा. सावली गाठा, डोक्या-मानेवर पाणी ओता, कुणाला तरी हाक मारा. बोलण्यात गोंधळ असेल तर लगेच १०८ ला फोन करा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं तर त्यात चर्चा नको, दवाखाना.

माझी ओळख तिसवाडी आणि साष्टीच्या रस्त्यांशीच आहे. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण इकडच्या धावणाऱ्यांनी खाली लिहा: पहाटे दिवे असलेला, चार-पाच किलोमीटर सलग धावता येईल असा तुमच्याकडचा रस्ता कुठला? बायकांनी आवर्जून लिहा. त्या रस्त्यांवर धावून पाहीन आणि मग त्यांचा वेगळा व्हिडिओ करीन.