चाकाला अल्टरनेटर लावला की बॅटरी भरते का?

(दृश्य: वर्कशॉपचं टेबल, मोटर, पट्टा, अल्टरनेटर)

हे जे टेबलावर दिसतंय, डावीकडे ई-रिक्षाची 48 व्होल्टची मोटर, उजवीकडे जुन्या कारमधनं काढलेला अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज तयार करणारं यंत्र, आणि मधे एक पट्टा, बस्स एवढंच. "चार्जिंगच करावं लागत नाही" अशा ईव्हीचे जे व्हिडिओ फिरतात त्यातली आयडिया हीच असते. मोटर चाक फिरवते, चाक अल्टरनेटर फिरवतं, अल्टरनेटर बॅटरी भरतो, बॅटरी परत मोटर चालवते, मग प्लग कशाला पाहिजे? ऐकायला एकदम पटतं. म्हणूनच कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही हे जोडून घेतलं आणि मीटर लावला.

आत्ता अल्टरनेटर नुसता फिरतोय, त्याच्यावर लोड काहीच नाही. मोटरच्या वायरीवरचा क्लॅम्प मीटर बघा, 4 अँपिअर. आता वर्कशॉपचे मामा अल्टरनेटरला पहिला बल्ब लावतायत, गाडीच्या हेडलाइटचा, 55 वॉटचा. आवाज ऐका. बदलला ना? दुसरा. तिसरा. मोटर दबायला लागली, गुरगुरतेय. चौथा. पाचवा लागला आणि आकडा गेला 14 वर! म्हणजे बॅटरीतनं निघतायत जवळपास 670 वॉट आणि बल्बांना पोचतायत 280 च्या आसपास. उरलेले कुठे गेले ते मामा दाखवतायत, अल्टरनेटरला हात ठेववत नाही, पट्टा गरम, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर गरम.

अल्टरनेटर फिरतोय म्हणून वीज फुकट मिळते असं नाही. त्यातनं जेवढा करंट ओढाल तेवढं त्याच्या आतलं चुंबकीय बळ फिरण्याला अडवतं आणि ती अडवणूक मोटरलाच ढकलावी लागते, म्हणजे शेवटी बॅटरीलाच. एकाच विहिरीतनं पाणी काढून तिच्यातच ओतायचं, तेही गळक्या घागरीनं. आणि समजा घागर अजिबात गळत नाही, तोटा शून्य, तरी जेवढं काढलं तेवढंच परत येणार, मग गाडी कशावर चालणार?

(दृश्य: व्होल्टमीटरचा क्लोज-अप)

आता हा मीटर नीट बघा, कारण बहुतेक व्हिडिओंत एवढाच दाखवतात. मोटर बंद केली, आणि बघा व्होल्टेज हळूहळू वर चाललाय. "बॅटरी भरतेय!" असं इथे सांगतात. पण आम्ही अल्टरनेटरची वायर आधीच काढून ठेवलीय, ही बघा, लोंबकळतेय. लोड काढला की बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतोच, कुठलीही बॅटरी घ्या. त्याने काहीच सिद्ध होत नाही, आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला हे दाखवलं पाहिजे.

(दृश्य: पाऱ्याच्या चाकाचं लाकडी मॉडेल)

हे स्वप्न काही ईव्हीबरोबर आलेलं नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'मध्ये स्वयंवह म्हणजे आपोआप फिरत राहणाऱ्या यंत्राचं वर्णन आहे, हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, आरे एकाच बाजूला थोडे वाकवलेले आणि अर्धे पाऱ्याने भरलेले. चाक फिरेल तसा पारा एका बाजूला बाहेर सरकतो, दुसऱ्या बाजूला आत, त्यामुळे एक बाजू सतत जड राहील आणि चाक फिरतच राहील अशी कल्पना. साडेआठशे वर्षांपूर्वी इतका बारीक विचार करणारा माणूस, खरंच मान लवते. आम्ही ते मॉडेल बनवून घेतलं. ढकललं की मस्त फिरतं, पारा चमकतो, आणि मग मंद होत होत थांबतं, कारण लांब गेलेला पारा एका बाजूला असला तरी दुसऱ्या बाजूला पारा जास्त आऱ्यांत असतो, हिशोब बरोबरीचाच होतो. पुढे युरोपातही असली चाकं येतच राहिली, शेवटी 1775 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले प्रस्ताव तपासणंच बंद केलं.

(दृश्य: आंबा घाट, उतरणारी इलेक्ट्रिक कार)

मग घाट उतरताना डॅशबोर्डवर चार्जिंग दिसतं ते काय? ते खरं आहे. ब्रेक मारताना जी ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली असती तिच्यातली काही परत मिळते. पण दीड टनाची गाडी 400 मीटर खाली आली तरी एकूण ऊर्जा होते साधारण 1.6 युनिट, त्यातलीही सगळी परत येत नाही, आणि चढताना तीच खर्च केलेली असते.

छतावर सोलर लावलं तर मात्र वीज खरोखर बाहेरनं येते. पुण्याच्या वायवे मोबिलिटी कंपनीची 'ईव्हा' ही कार अशीच आहे आणि सोलरवर वर्षाला 3000 किलोमीटरपर्यंत असं कंपनी स्वतःच सांगते, म्हणजे दिवसाला आठेक किलोमीटर. बाकी रेंजसाठी तिलाही प्लग आहे. आम्हाला हा दावा आवडला कारण तो मोजता येतो. याउलट नॉर्वेत 2020 साली लेक्सस हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या कारची, 'सेल्फ-चार्जिंग' जाहिरात ग्राहक प्राधिकरणाने थांबवायला लावली, कारण ती वीज शेवटी पेट्रोलमधनंच येते.

चाकाला अल्टरनेटर जोडायच्या किटच्या नादात लोकांचे पैसे जातात आणि गाडीची वायरिंग कापली की वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं.

कोणाकडे खरंच अशी चार्जिंग न लागणारी गाडी असेल तर बॅटरी सील करा, अँपिअर मीटर फ्रेममध्ये ठेवा, त्याच रस्त्यावर एकदा अल्टरनेटर लावून आणि एकदा काढून बॅटरी संपेपर्यंत चालवा. न कापलेला व्हिडिओ पाठवा, आम्ही पूर्ण दाखवू.